मामांचा गिदोन आणि माझे दहा मुकादम

माझ्या मामांनी आयुष्यात एकाही माणसाचं नेतृत्व केलं नाही, पण नेतृत्वाविषयी त्यांच्याइतकं बोललेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. मिशनच्या शाळेतून हेडमास्तर न होताच निवृत्त झालेले, जामखेडात चर्चच्या देवळामागच्या दोन खोल्यांत राहणारे, उन्हाळ्यातही काळा कोट न उतरवणारे हे माझ्या आईचे थोरले भाऊ. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, कुठलीही गोष्ट घ्या, मामा तिच्यातून पुढाऱ्याला लागणारे किमान सात गुण काढून दाखवत. नोहाच्या तारवातून ते नियोजन काढत, योनाच्या माशातून वेळेचं महत्त्व काढत, आणि दाविदानं ओढ्यातून पाच गोटे का उचलले, एकच का नाही, यावर त्यांनी एकदा शब्बाथशाळेत सलग तीन रविवार घेतले होते. चौथ्या रविवारी मुलंच आली नाहीत. मामांनी त्यातूनही धडा काढला. पुढाऱ्याला एकटं पडायची सवय हवी, असा.

चर्चच्या मंडळीच्या पंचांची निवडणूक मामा दर वर्षी लढवत आणि दर वर्षी पडत. एका वर्षी त्यांच्याविरुद्ध कुणीच उभं राहिलं नाही, तेव्हा पाळकसाहेबांनी यंदा जुनेच पंच चालू ठेवू असं जाहीर करून टाकलं. घरात तर त्यांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. मोशेनं इस्राएल लोकांना मिसर देशातून कसं बाहेर काढलं ते मामा हातवारे करून सांगू लागले, की मामी आतून म्हणत, "आधी गिरणीतनं दळण आणा. मग काढा त्यांना बाहेर. ते लोक थांबतील, पीठ थांबायचं नाही." मामा मुकाट्यानं पिशवी घेऊन निघत आणि गिरणीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना मोशेच्या सासऱ्यानं मोशेला कामं वाटून द्यायला कसं शिकवलं ते सांगत. बायका ऐकून घेत. गिरणी सुरू असल्यामुळे त्यांना काही ऐकू येत नसे, हे मामांना कधीच कळलं नाही.

अशा या थोर पुढाऱ्याला एक अनुयायी मिळाला, आणि तो दुर्दैवानं मी होतो. मी नगरला मिशन कंपाउंडात वाढलेलो. टेरिलीनची पँट, काळा चष्मा, पुढं आणलेला केसांचा कोंबडा, आणि इंटर सायन्सला दोनदा आपटलेला. बाहत्तरचा दुष्काळ पडला नसता तर माझं काय झालं असतं देव जाणे. जिल्हाभर कामं निघाली आणि मामांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनं मला खर्ड्याच्या अलीकडे एका पाझर तलावाच्या कामावर देखरेखीला नेमलं. देखरेख म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. मी चष्मा घालून बांधावर उभा राहायचो. खाली चार गावची माणसं टिकाव मारायची, पाट्या वाहायची, आणि मला 'सायेब' म्हणायची. बारा एकरांचा मालक आणि भूमिहीन मजूर एकाच खड्ड्यात माती उकरत होते. त्या वर्षी जमिनीनं सगळ्यांनाच सारखं केलं होतं. निदान मला वरून तसं दिसत होतं.

पण माणसं माझं ऐकत नसत. मी 'इकडे खणा' म्हटलं की ती तिकडे खणत, आणि त्यांचंच बरोबर असे. मी वैतागून मामांना पत्र लिहिलं, आणि तिथून माझ्या नेतृत्वाच्या शिक्षणाला सुरुवात झाली. दर आठवड्याला खर्ड्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडून मामांचं पाकीट येई, आत एक गोष्ट आणि तिच्याखाली आकडे घातलेले धडे. पहिल्या पाकिटात नहेम्या होता. यरुशलेमचा पडलेला तट बांधायला आलेला नहेम्या आधी कुणाशी काही न बोलता तटाभोवती फिरला, तसा तू तीन दिवस मौन धरून कामाभोवती फीर, माणसांत आपोआप दरारा बसेल, असं मामांनी लिहिलं होतं. मी फिरलो. मान खाली, हात मागे, तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या दिवशी पाट्या वाहणाऱ्या बायका माझ्यामागे वाकून वाकून चालायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यातली एक म्हातारी कळवळून म्हणाली, "सायेब, सोन्याची हुती का वो आंगठी? कवाधरनं हुडकतायसा. आमी समद्या हुडकू, पर आसं गप नगा ऱ्हाऊ, लई जीव तुटतुया."

दुसऱ्या पाकिटात मोशे होता. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा राहिला, आणि जोवर त्याचे हात वर होते तोवर इस्राएलाची सरशी होत राहिली. पुढाऱ्याचे हात वर दिसले की खालच्या माणसांना हुरूप येतो, असा धडा होता. मी दुपारी बारा वाजता बांधाच्या उंच टोकावर गेलो आणि दोन्ही हात आभाळाकडे केले. आता, शेजारच्या खडकात रोज सुरुंग लावत, आणि सुरुंग उडायच्या आधी तिथला माणूस असेच दोन्ही हात वर करून उभा राहतो, हे मी रोज बघत होतो. पण मोशेपुढे ते मला आठवलं नाही. "उडीवला रंऽऽ" अशी आरोळी उठली आणि सगळं काम पाट्या टाकून पळालं. चार गावची माणसं ढिगाऱ्यांआड पालथी पडली. मी वर एकटा, हात तसेच. सुरुंग काही उडेना म्हणून एकेकानं डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं. त्या आठवड्यात मी कामावर चष्मा घातला नाही.

एवढ्यावर एखाद्या शहाण्या माणसानं पाकिटं उघडायची बंद केली असती. पण नेमकं तेव्हाच ओव्हरसियर साहेबांनी मला दहा टोळ्या पाडून दहा मुकादम नेमायला सांगितलं. मुकादमाला पाटी वाहावी लागत नसे, टोळीला जागा तो आखून देई, खणलेल्या मातीचं माप घेताना तो पुढं असे. उपाशी पोटी दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट होती, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. मी मामांना विचारलं, आणि मामांनी गिदोन पाठवला.

गिदोन हे मामांचं सगळ्यात लाडकं प्रकरण. बाकीच्या गोष्टींत ते धडे बदलत, हिच्यात एक अक्षर बदलत नसत. मिद्यानी लोकांशी लढायला गिदोनाकडे फार माणसं गोळा झाली. देव म्हणाला, यांना पाण्यावर घेऊन जा आणि कोण कसं पितो ते बघ. बहुतेक सगळे गुडघे टेकून, खाली वाकून, ऐसपैस प्यायले. थोड्यांनी मात्र ओंजळीत पाणी घेऊन तोंडाकडे नेलं. देवानं तेवढेच ठेवले, बाकीच्यांना घरी पाठवलं. मामांच्या पत्रात या ठिकाणी शाई जाड झालेली असे. "ओंजळीनं पिणारा माणूस सावध असतो. तो पितानाही मान वर ठेवतो. देव त्यालाच निवडतो. लक्षात ठेव, त्यालाच."

मी लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत टँकरचं पाणी भरून ठेवलेल्या छपराजवळ मी वही घेऊन बसलो. मामांच्या गोष्टीप्रमाणेच झालं की हो! बरेचजण सावलीत रांजणाशी ऐसपैस बसलेले, तांब्या बुडवून गटागट पीत होते, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खात गप्पा मारत होते. आणि छपराच्या बाहेर, उन्हात, काही माणसं उभी होती. पाणक्या वरून धार सोडत होता आणि ती ओंजळीनं पीत होती. पितानाही त्यांची नजर वर, पाणक्याच्या हाताकडे. किती सावध! मी भराभर नावं लिहून घेतली. बरोबर दहा भरली, तेव्हा तर मला देवाचा हात दिसायला लागला. संध्याकाळी मी मोठ्या आवाजात यादी वाचली. पहिलं नाव कोंडिबाचं होतं, उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. नाव ऐकून त्यानं आधी मागं वळून पाहिलं, दुसरा कुणी कोंडिबा आहे का म्हणून.

यादी संपली तेव्हा इतकी शांतता पसरली, की मला वाटलं, हाच तो दरारा.

सकाळी काम बंद होतं. बहुतेक माणसं आली होती, पण टिकावाला हात न लावता छपराखाली बसली होती. त्यांच्या वतीनं तात्या बोलले. तात्या म्हणजे बारा एकरांचे ते मालक, घरच्या सुनांसकट कामावर आलेले, कधी कुणाला वाकडं न बोलणारे. "सायेब," ते म्हणाले, "येळ आली म्हनून माती उकराय आलो. त्येची लाज न्हाई. पर तुमी दाहीच्या दाही त्या वस्तीतलेच नेमले. आमच्यातला येक बी मानूस तुमाला दिसला न्हाई व्हय? आमी न्हाई ह्येंच्या हाताखाली राबनार." मी म्हणालो, अहो, मी वस्ती पाहिलीच नाही, मी पाणी पिताना पाहिलं! आणि सगळ्यांना समजावं म्हणून मी गिदोनाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. कुणी हसलंसुद्धा नाही.

छपराबाहेर वस्तीतली बौद्ध मंडळी उभी होती. कोंडिबा दोन पावलं पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सायेब, आमी ओंजळीनं पितू त्ये हौस म्हनून न्हाई. रांजनाला आमचा हात चालत न्हाई. धर्म बदलून सोळा वरसं झाली, आमी बदललो, रांजन न्हाई बदलला. हितं भांडलो तर काम जाईल, लेकरांना हितं खायाला मिळती ती सुकडी जाईल, म्हनून गप पितू."

मी तेवीस वर्षांचा होतो. रोज दुपारी मी त्या छपराजवळ बसत होतो. रांजणाशी कोण बसतं आणि उन्हात कोण उभं राहतं हे रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यातून मी काय काढलं, तर सावधपणा! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या वर्षी जमीन टिकावालाही दाद देत नव्हती.

तेवढ्यात ओव्हरसियर साहेबांचा निरोप आला. शनिवारपर्यंत काम सुरू दिसलं नाही तर ते उचलून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नेणार. मग इथल्या माणसांनी चालत जायचं तरी किती? म्हातारी, पोटुशा बाया, त्यांना ते झेपणारच नव्हतं. चार गावच्या चुली माझ्या एका यादीमुळे विझणार होत्या. यादी फाडली तर कोंडिबाला आणि त्या नऊ जणांना सगळ्यांदेखत मुकादम करून सगळ्यांदेखत उतरवायचं. न फाडली तर सगळ्यांनीच उपाशी राहायचं. मी ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिली. फक्त एवढंच लिहिलं, 'मामा, या.'

शुक्रवारी पहिल्या एसटीनं मामा आले. काळा कोट, छत्री, काखेत वही. मला वाटलं, आता निदान दोन तास तरी बोलतील, आणि तेवढ्या वेळात काम कायमचं बंद पडेल. मामांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. ओंजळीचा भाग आला तसा त्यांचा चेहरा बदलला. "तू… त्यांना तेवढ्यावरून निवडलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तुमच्या पत्राबरहुकूम." मामा पुढं काहीच बोलले नाहीत. त्यांना गप्प झालेलं मी आयुष्यात प्रथम पाहत होतो आणि मला त्याची भीती वाटली.

ते सरळ छपराकडे गेले. तात्या उठून उभे राहिले. तात्यांचा मुलगा मामांच्या हाताखाली शिकून पुण्याला नोकरीला लागला होता. "या मास्तर, उन्हाचं आलायसा, आधी पानी घ्या," म्हणत त्यांनी स्वतः रांजणातून पितळी पेला भरून पुढं केला. मामांनी पेला घेतला नाही. ते छपराबाहेर उन्हात, कोंडिबाच्या शेजारी जाऊन उभे राहिले, छत्री काखेत मारली आणि कोटाच्या बाह्या मागे सारून ओंजळ धरली.

"ओता तात्या," ते म्हणाले, "वरून."

"मास्तर, तुमाला कशाला त्ये? तुमी पेल्यानं घ्या की."

"ओता. मला सवय आहे."

तात्यांनी ओतलं. निम्मं पाणी मामांच्या कोटावर गेलं. मामा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मला वाटलं, मामा या लोकांच्या बाजूनं उभं राहण्यासाठी करून दाखवताहेत, आणि मी मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली. तोंड पुसून मामा एवढंच म्हणाले, "पोरानं चूक केली. पाणी कसं पितो यावरून माणूस नेमायचा नसतो. तसा तो काढायचाही नसतो. आठ दिवस काम बघा तात्या. ज्याच्या टोळीचं माप भरेल तो मुकादम. नाही भरलं तर उतरवा."

तात्यांनी वळून पाहिलं. त्यांच्या धाकट्या सुनेच्या कडेवर मूल रडत होतं. ते म्हणाले, "आठ दिस. काम जाऊ नये म्हनून. मी सोता कोंडिबाच्या टोळीत जातू. बगतूच."

"बगा की," कोंडिबा म्हणाला. "माप न्हाई भरलं तर मी परत पाटी घेतू. पर भरलं, तर तुमी मला नावानं हाक मारायची, तात्या. 'ए' म्हनून न्हाई."

शनिवारी साहेबांची जीप आली तेव्हा काम चालू होतं. आठ दिवसांत देवानं निवडलेल्या माझ्या दहांपैकी दोघे अगदीच कुचकामी निघाले. एक टोळीला कामाला लावून बाभळीखाली झोपे आणि दुसरा सगळ्यांवर इतका ओरडे की त्याची सख्खी बायको टोळी सोडून गेली. त्यांच्या जागी तात्यांच्या भावकीतले दोघे आले. कोंडिबाची टोळी मात्र मापात सगळ्यांच्या पुढं गेली. कोंडिबा ओरडत नसे, नुसता जागेवर जाऊन उभा राही, आणि माणूस बरोबर तिथंच खणायला लागे. नवव्या दिवशी माप घ्यायची वेळ झाली तेव्हा तात्यांनी खड्ड्यातून वर पाहिलं. टिकाव खाली ठेवला. मग म्हणाले, "कोंडिबा, या. माप घ्या." मी बांधावर उभा होतो. माझं तिथं काही कामच नव्हतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. रांजण तसाच राहिला. माझ्या नेमणुकीचे कागद पुढं करून मी वस्तीतल्या माणसांसाठी दुसरा एक रांजण मिळवला आणि छपराखाली पहिल्याशेजारी ठेवला, एवढंच माझ्याच्यानं झालं. कोंडिबा म्हणाला, "सावली तर मिळाली."

काम संपत आलं तेव्हा मी दोन दिवसांसाठी जामखेडला मामांकडे गेलो. दरम्यान एक गोष्ट मी केली होती, जी आधी करायला हवी होती. आईनं पेटीत घालून दिलेलं बायबल पहिल्यांदाच उघडून गिदोनाची गोष्ट स्वतः वाचली होती. परत निघालो तेव्हा मामा मला सोडायला स्टँडवर आले. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो आणि मी म्हणालो, "मामा, त्या गोष्टीत कुत्रा आहे."

"आहे," मामा म्हणाले.

"कुत्रा जसा जिभेनं पाणी पितो, तसे जे पितील त्यांना वेगळं काढ, असं देव म्हणतो. तुम्ही इतकी वर्षं ही गोष्ट सांगताय, पण कुत्रा कधीच सांगितला नाहीत."

मामांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "मी सात वर्षांचा होतो," ते म्हणाले. "मिशनच्या शाळेत आलो नव्हतो अजून. गावच्या विहिरीवर आम्ही ओंजळ धरून उभे राहायचो. कुणी आलं आणि त्याच्या मनात आलं तर ओतणार. नाही आलं तर उभे. कुत्र्यासारखे पितात, असं आम्हाला रोज ऐकायला मिळायचं. तेवढा भाग पाठच होता रे माझा. मग शाळेत गुरुजींनी पहिल्यांदा ही गोष्ट वाचली, की देवानं त्याच माणसांना बाजूला काढलं आणि म्हणाला, मला हीच हवीत. मी वर्गातून उठून बाहेर गेलो आणि रडलो. आमच्याविषयी असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. म्हणून मी तेवढंच सांगत आलो."

 ज्या माणसाच्या धड्यांना मी हसत होतो, त्यानं ते कुठून काढले हे मी कधी विचारलं नव्हतं. नगरच्या आमच्या घरात नळ होता. मी हवं तेव्हा तोंड लावून पाणी प्यायचो, आणि आई कधी मला ओरडली नाही. उलट, पीत असलो की कधी कधी काम थांबवून नुसती बघत उभी राहायची. ती मामांची धाकटी बहीण. त्याच गावची. त्याच विहिरीवरची. हे मला तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाकावर सुचलं.

घरी गेल्यावर तिला त्या विहिरीविषयी विचारायचं असं मी गाडीत बसल्या बसल्या ठरवलं होतं. गेलो तेव्हा ती हसत दारात आली, तांब्याभर पाणी हातात दिलं, आणि मी ते गटागट पिऊन टाकलं. विचारलं नाही. पुढंही कधी धीर झाला नाही. आता मामाही नाहीत आणि तीही नाही.